वाढीचा रकाना

नाही, पुन्हा एकदा बघा ना नीट — हॉकिंग, लायल हॉकिंग, राहणार काडिना — हॉपकिन्स नव्हे, हॉपकिन्स त्याच्या खाली येईल. नाहीये? यादीत नाहीच? हं. — नाही हो, तुमची यादी चुकलेली नाही, मला ठाऊक होतं नाव नसणार ते, म्हटलं आपलं विचारून बघावं, एखादे वेळी मागच्या वर्षीचीच यादी घेऊन बसला असाल. सात वर्षं होतं माझं नाव. सात वर्षं दर नोव्हेंबरात मी ह्या टेबलापाशी येतोय, तेव्हा तुम्ही नव्हतात — ग्लेनिस ना? बिल्ल्यावर वाचलं — तेव्हा एक दाढीवाला असायचा, तो मला लांबून बघूनच पिवळं कार्ड काढून ठेवायचा. पिवळं म्हणजे भागधारक, मत देता येतं, प्रश्न विचारता येतो. लाल म्हणजे पाहुणा, त्यानं नुसतं बसायचं. मला पिवळं हवंय. मतासाठी नको हो, मताचं काय लोणचं घालायचंय, मला फक्त एकदा उभं राहून बोलायचंय. एक मिनिट. घड्याळ लावा हवं तर. — बसू का जरा इथं? सभा अकराला ना, आत्ताशी दहा वाजतायत, हॉलमध्ये चिटपाखरू नाही. मी सव्वासहाच्या बसनं निघालो, आमच्याकडून अ‍ॅडलेडला दुसरी सोयीची बस नाही. आणि आज येणं भाग होतं. आज तुमच्या मॅनेजिंग डायरेक्टर बाई पायउतार होतायत, वाचलं मी पेपरात. पुढच्या वर्षी त्या मंचावर नसणार. म्हणजे आजच काय ते.

शेअर गेले कसे, असंच विचारताय ना — ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तुमच्याच ह्या पिपिट कंपनीचं पत्र आलं होतं हिवाळ्यात. ज्यांचे पिपिटचे शेअर पाचशे डॉलरच्या आतले आहेत त्यांचे आम्ही गोळा करून विकून टाकणार, पैसे खात्यात घालणार, दलाली आम्ही भरणार. नको असेल तर सोबतचा कागद सही करून सहा आठवड्यांत धाडा. बरोबरच आहे, बारक्या भागधारकांना दर वर्षी अहवाल पाठवायचा, टपाल हाशील भरायचं, कंपनीला ते परवडत नाही, मी असतो तरी तेच केलं असतं. माझे दोन हजार शेअर, भाव एकोणीस सेंट, तीनशे ऐंशी डॉलर झाले. आणि मी काय केलं? कागद बघितला आणि खूश झालो. अहो खरंच. म्हटलं, विकायला गेलो तर दलाल वीस डॉलर घेईल, इथं फुकटात विकून देतायत, चालून आलेली संधी कोण सोडतो — आणि कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला, मुदत उलटू दिली. पैसे आले. मग ऑक्टोबरात सभेची सूचना येते, तिची वाट बघत बसलो. येईना. पोस्टात जाऊन विचारून आलो, एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा परत येताना पेस्टीच्या बेकरीसमोर उभा होतो, तेव्हा डोक्यात उजेड पडला की सूचना येणारच नाही, मी आता कुणी नाही त्या कंपनीचा. वीस डॉलर वाचवले मी. हे फक्त माझ्यासारखाच माणूस करू जाणे.

माझ्यासारखा म्हणजे — मी बँकेत होतो, काडिना शाखेचा मॅनेजर, एकोणीस वर्षं. आणि आमचं एक शेअर मंडळ होतं, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत, नऊ जण, चहा आणि ज्याची पाळी असेल त्याच्या घरचा केक. कुठल्याही कंपनीचा शेअर घ्यायचा तर आधी मी तिचा तक्ता करायचा, मोठ्या कागदावर, पट्टीनं रेघा मारून. विक्री किती, नफा किती, देणं किती. चौथा रकाना — कंपनी उद्या कुलूप लावून बंद केली तर हाती काय उरेल. तो माझा जीव की प्राण. त्या आकड्याच्या खाली भाव असेल तर घ्यायचा, वर असेल तर हात लावायचा नाही. आणि शेवटचा, पाचवा रकाना वाढीचा — येत्या दहा वर्षांत धंदा किती वाढेल आणि त्या वाढीला आज किती पैसे मोजायचे. तो रकाना पुस्तकात होता म्हणून आखायचो. त्यात मी तीस वर्षं शून्य लिहिलं. प्रत्येक कंपनीला. जे अजून झालेलंच नाही त्याला मी पैसे देत नाही — असं म्हणायचो, आणि लोक माना डोलवायचे, बँक मॅनेजरचं कोण ऐकणार नाही. एकटा रॉय पॅस्को भांडायचा. लोखंडी सामानाचं दुकान त्याचं. म्हणायचा, लायल, तू कुणाच्या लग्नाला गेलास तरी विचारशील, नवरी उद्या गेली तर दागिने कितीचे. सगळे हसायचे, मीही हसायचो. तो आपला महागडे शेअर घ्यायचा, नफ्याच्या पन्नास पट भावानं. वाढती कंपनी महागच दिसते, म्हणायचा, ती आजच्या कपड्यात मावत नाही म्हणून. दोनदा तोंडावर आपटला. तिसऱ्यांदा लागलं ते असं लागलं की मूंटा बे इथं समुद्रासमोर घर बांधलं त्यानं. आणि आमच्या मंडळाचे पैसे कधी बुडाले नाहीत. कधी फारसे वाढलेही नाहीत, ते जाऊ द्या.

तर सात वर्षांपूर्वी हे पिपिट बाजारात आलं, शेअर एक डॉलरला. तान्ह्या बाळाचे कान तपासायचं यंत्र, मुठीत मावेल एवढं, नर्सनं कानाशी धरायचं की मिनिटभरात कळतं ऐकू येतंय की नाही. मी अहवाल वाचला, तक्ता केला, आणि म्हटलं नाही. थेबर्टनला भाड्याची शेड, जमीन नाही, नफा नाही, यंत्र जितक्याला पडतं त्यापेक्षा चाळीस डॉलर कमीनं विकतायत. तेव्हा एल्व्हा — माझी बायको — मोठ्यानं बोलायची ती, तिला ऐकू कमी यायचं — ती म्हणाली, जगभराचे शेअर घेतोस आणि आपल्या पोरीच्या कंपनीचे नाही घ्यायचे? — हं. — निसटलं बघा. नव्हतं सांगायचं तुम्हाला. हो. तुमच्या मॅनेजिंग डायरेक्टर बाई, मेरेडिथ, माझी मुलगी. केरस्लेक हे तिच्या आईचं माहेरचं नाव, कंपनी काढली तेव्हा लावलं तिनं ते. म्हणाली, हॉकिंग म्हटलं की आपल्या भागात लोकांना कर्ज नाकारणारा माणूस आठवतो. खरं होतं, मी हसलो होतो. तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय की इथल्या नव्या माणसांना हे ठाऊक नाहीये. बरंय. नसू दे.

एल्व्हाचं सांगतो, म्हणजे कळेल. तिला जन्मापासून ऐकू कमी यायचं आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत. शाळेत मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवायचे, मागून हाक मारली आणि वळली नाही की हातावर पट्टी. नऊ वर्षं. मेरेडिथ ते ऐकत मोठी झाली. आमच्या घरात सगळं बोलणं वरच्या पट्टीत, शेजाऱ्यांना वाटायचं भांडतोय. तर त्या दिवशी स्वयंपाकघरात माझा तक्ता पडलेला, एल्व्हानं तो उचलला, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाली, लायल, मी जन्मले तेव्हा हे यंत्र असतं, तर तू त्याची किंमत किती लिहिली असतीस? मी सिंककडे तोंड करून कप विसळत होतो. मी म्हणालो, त्या वर्षी कंपनीला नफा होता का ते बघावं लागेल. — गंमत केली हो. मंडळात सगळे हसले असते. माझी पाठ होती तिच्याकडे, तिला ऐकूच गेलं नाही, म्हणाली, काय म्हणालास? मी म्हटलं, काही नाही. आणि दोन हजार डॉलरचे शेअर घेऊन टाकले. तिला म्हटलं, ही गुंतवणूक नाही हं, हा वाढदिवसाचा अहेर समज. असं म्हटलं मी. बोलायची सवय असते माणसाला, तोंड चालत राहतं.

आणि शेअर चढला की. एक डॉलरचा तीन डॉलर चाळीस. विक्री दर वर्षी दीडपट, पावणेदोनपट, रॉय मला रस्त्यात गाठून भाव सांगायचा. मला झोप लागेना. नाही, पैशाचं नव्हतं. मी पुन्हा तक्ता केला. गल्ल्यात नव्वद लाख डॉलर, शेअर आठ कोटी, भागून बघा — अकरा सेंट. उद्या कुलूप लावलं तर अकरा सेंट हातात येतील, आणि लोक तीन डॉलर चाळीस मोजतायत. वर्षाची विक्री साठ लाख, आणि बाजार म्हणतो कंपनी सत्तावीस कोटींची. वाढ वाढ म्हणतात, तर प्रत्येक यंत्रामागे चाळीस डॉलर तोटा असेल तर दुप्पट यंत्रं विकली म्हणजे काय झालं? दुप्पट तोटा. मग ती वाढ मोलाची कशी? — हे चूक नाहीये बरं का. आजही नाही. रॉयचं म्हणणं, पहिली दहा हजार यंत्रं तोट्यात घालावीच लागतात, त्याशिवाय अकरा हजारावं नफ्यात जात नाही, आणि एकदा दवाखान्यात हे यंत्र शिरलं की तिथून कोण काढणार. तेही चूक नव्हतं. दोघंही बरोबर असू शकतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तर नोव्हेंबरातली दुसरी सभा. एल्व्हा माझ्या शेजारी, निळा कोट घालून, मुलगी मंचावर म्हणून ऊर भरून आलेला. अध्यक्ष म्हणाले, कुणाला प्रश्न? मी उठलो. पिवळं कार्ड वर केलं. नाव सांगितलं, भागधारक म्हटलं, आणि सगळं बोललो — चाळीस डॉलर, सत्तावीस कोटी, अकरा सेंट. आकडे तोंडपाठ होते. आवाज खणखणीत, घरची सवय.

मेरेडिथनं उत्तर दिलं. चांगलं दिलं. धन्यवाद मिस्टर हॉकिंग म्हणाली, पहिल्या दहा हजार यंत्रांचं आणि पुढच्या दहा हजारांचं सांगितलं, पण ओठ पांढरे पडले होते. एल्व्हाला माझा शब्दही कळला नव्हता, माझं तोंड मंचाकडे, ओठ दिसत नव्हते तिला. तिनं पोरीचा चेहरा वाचला. परतीच्या बसमध्ये विचारलं, काय विचारलंस तू तिला? मी म्हटलं, नफा कधी होणार ते विचारलं. पोर्ट वेकफील्डला बस थांबली तशी तिनं कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, फोन करून विचारता आलं असतं. — हो. आलं असतं. तुम्हीही तेच म्हणणार होतात ना? पण बघा, फोनवर मी बाप. तिथं मी भागधारक होतो, नियमानं उभा होतो, वाटलं ती खूश होईल की आपल्या बापानं अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचलाय. कुणी वाचतं का शेवटपर्यंत? मी वाचला होता, टिपा धरून.

एवढ्यावर थांबलं असतं. — पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. एल्व्हाला नाही, रॉयला नाही, तो गेला बिचारा दोन वर्षांपूर्वी. तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे. सभा झाल्यावर चहा असतो, तो मागच्या बाजूला, अंड्याची सँडविचं, लॅमिंग्टन केक. तिथं एक पेपरवाला आला माझ्याकडे, तरुण, नम्र. म्हणाला, फार अभ्यास करून बोललात, एवढं कसं ठाऊक तुम्हाला? आणि मी — माझ्या हातात बशी होती, समोर ती उभी होती घोळक्यात, सगळे तिच्याशी बोलायला धडपडतायत, हात मिळवतायत — मी म्हणालो, मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल, ती माझी मुलगी आहे. छाती फुगवून म्हणालो हो. कौतुकानं. जो भेटेल त्याला सांगावंसं वाटत होतं, ती बघा, ती माझी. तोच भेटला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा — सख्ख्या बापाचाच भरवसा नाही. एल्व्हानं वाचलं, वाचायला कान लागत नाहीत. पेपर घडी करून माझ्या ताटाशी ठेवला आणि बागेत निघून गेली.

आठवड्यात शेअर एक तृतीयांश पडला. कंपनीला तेव्हाच पैसा उभा करायचा होता, अडीच तीन डॉलरनं नवे शेअर देणार होते, ते नव्वद सेंटनं द्यावे लागले. सिडनीचा कुठला तरी फंड आत आला आणि त्यांनी ऐंशी माणसांतली एकतीस घरी पाठवली. मग पडतच गेला. म्हणजे मी बरोबर ठरलो. मंडळात लोक पाठीवर थाप मारून गेले, लायल, तू म्हणाला होतास. अकरा म्हटलं होतं, सतरापर्यंत आलाच की. पण मी रोज विचार करतो, रोज, दात घासताना सुद्धा — मी वजन केलं, की पारड्यावर हात ठेवला? मी गप्प बसलो असतो, तो पैसा तीन डॉलरनं आला असता, ती एकतीस माणसं राहिली असती, पुढची दहा हजार यंत्रं निघाली असती, तर? तर कदाचित रॉय बरोबर ठरला असता आणि माझा आकडा कागदावरच राहिला असता. कंपनीचं मोल काय, हे काही दगडात कोरलेलं नसतं, लोक काय मानतात त्यानंही ते घडतं थोडं. हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळलं. कर्ज देणाऱ्याला पंचविशीत कळायला हवं होतं.

एल्व्हा पुढच्या जुलैत गेली. मेरेडिथ आली होती, चार दिवस राहिली. सगळं केलं हो तिनं — पाद्र्याशी बोलली, आलेल्यागेलेल्याचं बघितलं, निघताना माझे शर्टसुद्धा इस्त्री करून ठेवले. पेपरचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडत नाही ना ती, हीच तर पंचाईत. नाताळात कार्ड येतं. मी फोन केला की उचलते, हवा कशी आहे, बार्लीचं पीक कसं आहे, गुडघा कसा आहे, आणि मग कुणीतरी बोलावतंय म्हणते. लहानपणापासूनच्या गोष्टी आहेत, एका पेपरानं नाही होत एवढं. सोळा वर्षांची असताना इथं शिकायला यायचं म्हणत होती, तेव्हा मी तिचाही तक्ता केला होता. फी, वसतिगृह, चार वर्षांचा बुडीत पगार — बँकेत चिकटवून देणार होतो ना मी तिला. जेवणाच्या टेबलावर ठेवला कागद तिच्यापुढे. शेवटचा रकाना तसाच. गंमत म्हणून. — गंमत म्हणून नव्हता. खराच होता. तिनं बघितला आणि म्हणाली, बाबा, इथं शून्य का? एल्व्हानं आईचा पियानो विकला आणि तिला पाठवलं.

म्हणून ही सभा. कळलं का आता? दर वर्षी सभा झाल्यावर चहाच्या वेळी ती एकेका भागधारकापाशी जाते, हात मिळवते, आल्याबद्दल आभार मानते. ओळीत मीही असतो. माझ्यापाशी येते, हात पुढे करते, म्हणते, आल्याबद्दल आभार. गार असतो हात. सगळ्यांना देते तेवढाच वेळ, कमी नाही, जास्त नाही. पण वर्षातनं एकदा माझ्या मुलीचा हात माझ्या हातात येतो. ते त्या दोन हजार शेअरांवर मिळत होतं मला. सांगा, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मी शेअर विकू दिले तेव्हा एकोणीस सेंटला विकू दिले. महाग विकले असं वाटलं मला, माझ्या अकरापेक्षा आठ सेंट जास्त.

घेता आले असते की परत. अहो, पैसे आहेत माझ्याकडे, तुम्हाला वाटेल गरीब बिचारा, तसं नाही. दलालाकडे फोन केला. मुलगी होती फोनवर, गोड बोलली. म्हणाली, पाचशे डॉलरचे घ्यावे लागतील कमीत कमी, कुठल्या भावानं टाकू? एकोणीस चालू होता. एकोणीस म्हणायचं होतं फक्त. किंवा म्हणायचं, जो असेल त्या भावानं. आणि माझ्या तोंडून — ऐका — माझ्या तोंडून निघालं, अकरा. अकरा सेंटनं मिळाले तर घ्या. तीस वर्षं कुठलाही शेअर त्याच्या किमतीच्या वर घेतला नाही, जीभ वळेचना. ती म्हणाली, मिस्टर हॉकिंग, ह्या भावाला कुणी देणार नाही. मी म्हटलं, थांबू आपण. थांबू. वाट बघत बसलोय अजून, ती मागणी तिथं पडलीय अकरा सेंटला. आणि ह्या वर्षीचा अहवाल मी वाचनालयात जाऊन वाचला. पान चौतीस, खाली टीप आहे बारीक अक्षरात, कुणी बघितली नसेल — ह्या वर्षी पहिल्यांदा यंत्रामागे सहा डॉलर सुटलेत. तोटा नाही, नफा. सहा. ती म्हणाली होती तसंच झालं, थोडं उशिरा. मी तिथंच तक्ता केला, ग्रंथपालबाईंकडून पट्टी घेऊन, आणि शेवटच्या रकान्याशी आल्यावर हातानं शून्य काढलं. डोकं नको म्हणत होतं, हात काढून मोकळा.

तर मला उठून एवढंच म्हणायचंय. त्या दिवशी त्या पेपरवाल्याला मी ते कौतुकानं सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. आणि पान चौतीस मी वाचलंय. बस. प्रश्न नाहीच तो, उत्तर नको मला. — नाही चालणार? नियम आहे. अठ्ठेचाळीस तास आधी यादीत नाव असावं लागतं, ठाऊक आहे हो, मीच मंडळात सगळ्यांना बजावायचो. तुमच्यावर राग नाही. द्या ते लाल कार्ड. नाव — हॉकिंग. पत्ता — लिहितो. आणि हे खाली काय? कुणातर्फे? दलाल, वार्ताहर, फंड, नातेवाईक, इतर. — हे कसं भरू मी? नातेवाईक लिहिलं आणि तिला ते नको असलं तर? पुन्हा पेपरात छापल्यासारखंच झालं की. इतर लिहू? — असं करा ना. तुम्ही आत संचालकांच्या खोलीत कॉफी घेऊन जाताय ना, तर हे कार्ड दाखवा तिला. म्हणावं, बाहेर हॉकिंग आलेत, यादीत नाहीयेत, इथं काय लिहायचं. ती म्हणेल ते. मी सांगितलं म्हणून नका सांगू. — नको, सांगा. सांगा, मीच विचारलंय म्हणून. मी टेबल बघतो तुमचं, कुणी आलं तर बसवून ठेवतो.

आलात. — लवकर आलात. काय म्हणाली? नुसतं पेन घेतलं? बसली होती की उभी होती? — असू दे, द्या इकडे. थांबा, चष्मा. — तिचंच अक्षर. सगळी अक्षरं सुटी सुटी काढते, आईसारखी.

एल्व्हा केरस्लेकचा नवरा.

हं. — नाही, बरोबर आहे. खोटं नाहीये त्यात काही, त्रेपन्न वर्षं होतो. वडील लिहिलं असतं तर जागा कमी लागली असती. — नाही हो, तक्रार नाही करत मी. नाही म्हणता आलं असतं तिला. इतर लिहून मोकळं होता आलं असतं. आईच्या नावावर आत घेतेय, ती माझ्याजागी असती तर मी घेतलं असतं का, कोण जाणे. — इथं लावा, कोटाच्या ह्या बाजूला, माझ्या बोटांना ती पिन जमत नाही आज. हां. सरळ आहे ना? — नको, पाणी नको. काही विचारूही नका आता. मागं माणसं येऊन थांबलीत, त्यांची नावं घ्या. मी आत जाऊन बसतो.